मध आणि चंद्राबाईचं बसणं

“ही घे बाय. लाव.”

चंद्राबाईने पिशवीतून बाटली काढून ड्रेसिंगच्या टेबलावर ठेवली. आत काळपट, दाट मध.

“मावशी, आम्हाला खाऊ आणलात की काय?” साक्षी सिस्टर हसली.

“खायचा नाय हा. ही बाटली गोठ्यात असते. म्हशीला म्हशीचं शिंग लागलं की हाच भरतो आमी. आठ दिसांत खपली धरते. माज्या पायाला पाच महिने मलम चोपडतेस, पण खपली काय धरत नाय. म्हशीपेक्षा वाईट हाय का गो मी?”

पोलादपूरच्या त्या सरकारी दवाखान्यात बाकावर बसलेले सगळे हसले. चंद्राबाई हसली नाही. डोंगरावरच्या वाडीतून दीड तास उतरून, पुढे जीपमध्ये चेपून ती आली होती. डाव्या घोट्याच्या वर गणपतीत गवत कापताना काटा लागला, एवढंच निमित्त. तेव्हापासून जखम भरायची आणि पुन्हा उकलायची.

मुलगा विनोद बिरवाडीला भाड्याच्या खोलीत राहायचा, कारखान्यात होता. त्याने निक्षून सांगितलं होतं, “शिमग्याला येईन तेव्हा पाय असाच असला, तर दोन्ही म्हशी किशोरला देऊन टाकू. मग खाली चल माझ्याकडे.” किशोर म्हणजे गुरांचा व्यापारी. आणि खाली चल म्हणजे काय, ते चंद्राबाई जाणून होती. एक खोली, एक खिडकी आणि सकाळी उठून हाताला काम नाही. सोळाव्या वर्षी लग्न होऊन ती डोंगरावर चढली, ती चाळीस वर्षं उभीच होती. पहाटे धार, मग डोक्यावर किटली, मग गवत, पुन्हा धार. शिमगा आता दोन महिन्यांवर आला होता.

डॉक्टर माधुरींनी पावलावरची नाडी चाचपली, साखरेचा रिपोर्ट पाहिला. तो ठीक होता. मग बाटली उजेडात धरली.

“मध जखमेला चालतो मावशी, तुमचं खोटं नाही. पण हा थेट पोळ्यातला. यात जंतू असू शकतात, उघड्या जखमेत तो नको. जंतू मारलेला मध नळीत मिळतो. महाडहून मागवू.”

“म्हंजे मध रानातला नि आमालाच नळीतून?”

“हो, आणि नुसता मध पुरणार नाही. तुमच्या पायाच्या शिरा थकल्यात. रक्त खाली उतरतं ते वर चढत नाही. म्हणून गुडघ्यापर्यंत घट्ट पट्टी, आठवड्यातून दोनदा ड्रेसिंग आणि दिवसातून चार वेळा, अर्धा-अर्धा तास पाय उशांवर. छातीपेक्षा वर.”

“बसून?”

“आडवं पडून.”

झाडावर चढायला सांगितलं असतं तरी चंद्राबाई एवढी बावचळली नसती.

नळीतला मध पहिल्यांदा लागला तेव्हा चरचरला. तिने दात आवळून सोसलं. तीन आठवडे एकही खेप चुकवली नाही. वास गेला, पू गेला, जखम लालचुटूक, स्वच्छ दिसू लागली. पण साक्षीने जखमेवर पारदर्शक प्लास्टिक धरून पेनाने कड गिरवली आणि पहिल्या दिवशीच्या तुकड्यावर ठेवून पाहिली, तर रेषेवर रेषा. केसभरही कमी नाही.

“मावशी, पट्टी घरी सोडता ना?”

“लय आवळते गो ती.”

“आणि पडता किती वेळ?”

चंद्राबाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागली.

“मधानं त्याचं काम केलंय,” साक्षी म्हणाली. “आता तुमचं राहिलंय.”

“कशी पडू? माजी काजळी म्हस दुसऱ्या कुणाला कासेला हात लावू देत नाय.”

“मग काजळीलाच विचारा, पाय बरा करायचा की नाही.” साक्षीने प्लास्टिकचे दोन्ही तुकडे तिच्या हातात दिले.

चंद्राबाई तडक डोंगर चढली. घरी पोचल्यावर तिने पडवीत बाज टाकली, दोन उशा रचल्या आणि नवऱ्याला हाक मारली.

“अवो, आजपासून धार तुमी काढायची.”

नाथू बादली घेऊन गेला. पहिल्या लाथेला बादली गेली, दुसरीला नाथू.

“ही तुजी म्हैस हाय का सवत?” तो शेण झटकत आला.

“माजं लुगडं नेसा. दोरीवर हाय बगा. धुतलेलं नको, कालचं घ्या. वासाला फसंल ती.”

“या वयात? मिशा हायत मला! वाडी काय म्हणंल?”

“वाडी येते का धार काढायला? डोक्यावरनं पदर घ्या नि गप बसा तिच्याजवळ. मी हितनं बोलते.”

चंद्राबाई बाजेवर, पाय उशांवर. तिथूनच ती रोजच्या सुरात, “ये गो काजळी, ये माजी बाय,” म्हणत राहिली. गोठ्यात बराच वेळ चिडीचूप. मग बादलीत धार वाजली.

उठून बघावंसं तिला फार वाटलं. तिने बाजेची कड घट्ट धरली आणि पडून राहिली.

पट्टी पुन्हा सुटली नाही. पुढच्या आठवड्याला प्लास्टिकवरची नवी रेषा जुनीच्या आत बसली. त्याच्या पुढच्या आठवड्याला आणखी आत.

शिमग्याच्या आदल्या संध्याकाळी विनोद आला. बरोबर किशोर होता. तेवढ्यात गोठ्यातून लुगडं नेसलेला, पदर सावरणारा नाथू भरली बादली घेऊन बाहेर पडला.

“काय नाथूकाका,” किशोर ओरडला, “शिमग्याचं सोंग आदल्या दिवशीच?”

“सोंग नाय रे. ड्युटी हाय.”

विनोदला हसू आवरेना. पण पडवीत आईला आडवी पाहून त्याचा चेहरा उतरला. “आये, अजून पडूनच? पाय दाखव बघू.”

“पट्टी सोडायची नाय. हे बग.” तिने उशीखालून प्लास्टिकचे तुकडे काढून त्याच्या हातावर एकावर एक ठेवले. सगळ्यात वरच्या तुकड्यावर तळहाताएवढी जखम चिंचोक्याएवढी उरली होती.

विनोदने ते तुकडे उजेडात धरले. “पण पूर्ण नाय भरली अजून.”

“नाय भरली,” चंद्राबाई म्हणाली. “मी पण अजून उठले नाय. किशोरला चहा दे नि वाटंला लाव. अंधार पडायच्या आत उतरंल तो.”