तारेपलीकडचा हुजूर

टेलिफोन वाजला की मी खुर्चीतून उठून उभ्यानं तो घ्यायचो. बसून घेतला तर पलीकडच्याला दिसेल, अशी काहीतरी वेडगळ भीती होती. परभणीच्या एका जिनिंग फॅक्टरीत मी कारकून होतो. मालक बहुतेक बाहेरगावी असायचे, त्यामुळं ते काळं धूड माझ्याच गळ्यात पडलं होतं. दिवसभर 'कोण बोलतंय, कुठून बोलतंय' करून जीव मेटाकुटीला यायचा.

माझी शाळा निजामाच्या अमलात, उर्दूतून झालेली. हुकूम म्हणजे उर्दू, हे हाडात मुरलेलं. पुढं आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला, कचेऱ्यांवरच्या पाट्या मराठी झाल्या, अर्ज मराठीत जायला लागले. पण कुणी अदबशीर उर्दूत दरडावलं की माझी मान आपोआप खाली जायची. जित्याची खोड, दुसरं काय.

फॅक्टरीच्या तिजोरीत बऱ्याच शेतकऱ्यांच्या जमिनीचे कागद होते. पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत लोकांनी भीतीनं आणून ठेवले आणि ते तिथंच राहिले. त्यात येलदरीकडच्या एका विधवा बाईचेही होते. तिचा नवरा आमच्याकडं कापूस घालायचा. तो गेल्यावर चार एकर ती एकटीच कसत होती. आता धरणाचं काम निघालं होतं. शेत पाण्याखाली जाणार आणि ज्याच्या नावावर शेत त्याला दुसरीकडं जमीन मिळणार, असं बोललं जात होतं. म्हणजे तिचं उद्याचं शेत आमच्या तिजोरीत होतं.

एके दुपारी फोन आला. "हम औरंगाबाद के बडे दफ्तर से बोल रहे हैं." आवाज भारदस्त. त्या बाईचे कागद तपासणीला हवेत, आमचा चपराशी येईल, त्याच्याकडं द्या, असा हुकूम झाला. मी तीनदा 'जी हुजूर' म्हणालो. तासाभरात कमरेला पट्टा बांधलेला माणूस आला. मी कागद फडक्यात बांधून दिले, वर त्याला चहाही पाजला.

संध्याकाळी घरी जाताना डोक्यात उजेड पडला. औरंगाबादचा फोन असला की आधी एक्स्चेंजमधला माणूस बोलायचा, 'ट्रंक कॉल आहे, थांबा.' मग खरखर, मग दोन्हीकडून ओरडाओरड. मी औरंगाबादशी बोललो की अख्ख्या गल्लीला कळायचं. हा आवाज तर शेजारच्या खोलीतून यावा इतका स्वच्छ होता. दुसऱ्या दिवशी एक्स्चेंजमध्ये जाऊन विचारलं. "ट्रंक कुठला? गावातूनच जोडून देलता की," तिथला माणूस म्हणाला. "कुठून, ते आता ध्यानात न्हाई."

कागद तपासणीला गेलेत, एवढंच मी बाईला सांगितलं होतं. ती दर बाजाराला यायची. धुळीनं माखलेली, एस.टी.त उभी राहून आलेली. दाराशी बसून विचारायची, "कागद आले का?" मी म्हणायचो, साहेब तपासायलेत, पुढच्या बाजारी या. ती बरं म्हणून जायची. तिनं एकदा तरी भांडावं असं वाटायचं. खोटं बोलून बोलून मी इतका शिणलो होतो की बाजाराचा दिवस उजाडूच नये असं व्हायचं. तीन बाजार असे गेले.

चौथ्या बाजारी ती दाराशी बसलेली असतानाच फोन वाजला. तोच आवाज. त्या बेवा बाईला उद्या कोर्टासमोरच्या चिंचेखाली पाठवा, एका कागदावर अंगठा घ्यायचाय. अंगठा उठला की शेत दुसऱ्याच्या नावावर गेलंच म्हणायचं. मला फोन खाली ठेवता येईना आणि 'जी'ही म्हणवेना. काय सुचलं कुणास ठाऊक, मी तिला जवळ बोलावलं आणि रिसीव्हर तिच्या कानाला लावला.

उर्दू तिला ओ का ठो कळत नव्हती. पण आवाज कानात पडताच तिनं डोक्यावरचा पदर पार हनुवटीपर्यंत ओढला आणि मान खाली घातली. मी गारच झालो. आमच्याकडं बाई असा पदर ओढते तो सासऱ्यासमोर, नाहीतर थोरल्या दिरासमोर. न पाहिलेल्या साहेबासमोर नव्हे.

"कोण आहे?" मी रिसीव्हरवर तळहात दाबून विचारलं.

"घरचेच हायत," ती पदराआडून म्हणाली. "आमचे थोरले चुलत दीर. कोर्टाम्होरं बसून अर्ज लिवतेत."

ते काय मागतायत, हे मी तिला सांगितलं. थोरल्या दिराशी थेट बोलायची रीत नव्हती, मध्ये तिसरं माणूस लागतं. ते माणूस म्हणजे आता मीच होतो. "त्यास्नी सांगा," ती म्हणाली, "अंगठा मिळनार न्हाई."

असल्या आवाजाला उभ्या जन्मात मी नाही म्हटलं नव्हतं. "बाई म्हणतात, अंगठा मिळणार नाही," मी मराठीत सांगितलं.

मग हुजूर एकदम आमच्या बोलीवर आले. "ती तितंच बसलीय का?" एवढं विचारून त्यांनी फोन ठेवला.

बाईनं पदर मागं सारला आणि माझ्याकडं नीट पाहिलं. "अन् कागद? ते तुमीच देलते न्हवं?"

मी हो म्हणालो. इतक्या दिवसांत तिच्याशी पहिल्यांदा खरं बोललो. लाज वाटली, आणि ओझं उतरल्यासारखंही वाटलं.

आता ही रडेल, शिव्या देईल, म्हणून मी वाट पाहत उभा राहिलो. ती उठली, लुगड्याची धूळ झटकली.

"मंग चला, कचेरीतून नकला काढायला. लय हेलपाटे पडतील, पर तुमीच यायचं माझ्यासंगं. मला वाचता येत न्हाई, अन् तुमाला मानूस वळकू येत न्हाई."