मशीन काढून पाहिलेला सिनेमा

शाळेत मी मुलांना अनुकूलन शिकवते. निवडुंगाच्या पानांचे काटे का झाले, वगैरे. घरातलं उदाहरण मात्र मला आज दुपारी कळलं.

माझ्या सासऱ्यांनी सोलापुरात चाळीस वर्षं यंत्रमाग चालवला. त्या खडखडाटात कान गेले. सकाळी त्यांना ऐकायचं मशीन बसवून आणलं. दुपारी टीव्हीवर हिंदीत डब केलेला तेलुगू सिनेमा लागला. दहा मिनिटांत त्यांनी मशीन काढून डबीत ठेवलं आणि टीव्हीचा आवाजही बंद केला.

मी चिडले. का काढलं, असं खुणेनं विचारलं.

"तोंड तेलुगू बोलतंय, मशीन हिंदी. मी कुणाचं ऐकू?" ते म्हणाले. "कारखान्यात कुणाचा आवाज पोचायचा? तेलुगू असो का मराठी, आमी सगळे ओठ बघूनच बोलायचो की."

खात्री करावी म्हणून मी आवाज न काढता नुसते ओठ हलवले. चहा ठेवू का?

"साखर कमी," ते म्हणाले.

रोज सकाळी ते ओट्याशेजारच्या खुर्चीत बसून भाजी निवडतात. तिथून माझा चेहरा सरळ दिसतो. त्यांना ऐकू जात नाही म्हणून गेली सहा वर्षं मी तिथंच उभी राहून त्यांच्याबद्दल पुटपुटत आले. त्यांनी एकदाही उलट उत्तर दिलं नाही. भाजी मात्र रोज निवडून दिली.

आज ते चहाला येऊन बसले, तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून चहा गाळला.

तुमच्या घरी कुणी कमी ऐकणारं आहे का? त्यांच्यासमोर तुम्ही हळू आवाजात काय काय बोलता?