पेल्यांची उतरंड आणि आजचा शब्द

रशीदभाई, गुडघा कसा हाय? सुमनताई, डोळ्याची पट्टी सुटली का? इस्लापूरचे गुरुजी, खोकला थांबला का? मी इथं नांदेडात बरा हाय.

माझी नात सानिका लातूरला क्लासला हाय. ती मला रोज एक इंग्रजी शब्द पाठवते. आजचा होता 'इम्पर्टर्बबल'. म्हणायचा इम्-पर्-टर्-ब-बल, जोर 'टर्'वर. अर्थ, कशानंही न डगमगणारा माणूस.

सकाळी तोच घोकत होतो, अन् दाराजवळची पेल्यांची उतरंड खणकन कोसळली. लातूरकडच्या त्या मोठ्या भूकंपापासून मी ती रोज रचतो; जमीन हलली की आधी तीच सांगते. अंगणात पळालो, सानिकाला फोन लावला. उचलेना. तिची होस्टेलची खोली चौथ्या मजल्यावर. पुन्हा लावला. उचलेना.

वीस मिनिटांनी अनोळखी नंबरावरून तिचा आवाज आला. "आजोबा, आम्ही सगळ्या खाली मैदानात आहोत. माझा फोन वरच राहिला. घाबरू नका, शब्द म्हणा बघू."

"इम्-पर्..." पुढं जीभच वळेना.

"टर्," ती म्हणाली. तिचाही आवाज कापत होता. "अन् हसू नका, मी पण खिडकीत पेले रचते. ते पडले म्हणूनच पोरींना खाली काढलं."

पेल्यांवरून मला सगळ्यात जास्त चिडवणारी हीच पोरगी!

तुमच्याकडं हादरा बसला का? सगळे बाहेर निघालात ना? लगेच ग्रुपवर दोन ओळी लिहा, फोन हातात धरूनच बसलोय.