धवळे, थेट स्टुडिओतून

शिरगावच्या कमळाबाई धवलारीण आहेत. आगऱ्यांच्या लग्नात भटजींइतकाच त्यांना मान. त्या धवळे गातात, देवांना बोलावतात, नवरा-नवरीची नावं गाण्यात घेतात, तेव्हा कुठे लग्न लागलं असं घरचे मानतात. आजूबाजूच्या किती घरांतली लग्नं त्यांनी लावली, याला गणती नाही. पोटच्या लेकीचं तेवढं राहिलं. स्वप्नालीनं परजातीतला मुलगा पसंत केला, रजिस्टर लग्न केलं आणि अंबरनाथ पूर्वेला बिऱ्हाड थाटलं. ‘‘धवल्यांबिगर कसलं लगीन?’’ एवढं बोलून बाईंनी विषय संपवला. सात वर्षं मायलेकी बोलल्या नाहीत. मला या हट्टाचा राग यायचा, अजूनही येतो.

मी आमच्या छोट्या सामुदायिक रेडिओ केंद्राचा ट्रान्समीटर सांभाळतो. पूर्वी इथे मुंबईचं केंद्र मिडियम वेव्हवर खरखरत यायचं. एफएम आलं आणि आवाज स्वच्छ झाला, पण या लहरींचं एक दुखणं आहे. त्या सरळ जातात आणि मधे डोंगर आला की अडतात. जवळच्या बेलवली गावात लोक एरियलची तार खिडकीबाहेर सोडून बसायचे. आमचा ट्रान्समीटर तर जेमतेम एका ट्यूबलाइटच्या ताकदीचा. तरी अंबरनाथपर्यंत ऐकू जातो, याचं मला कौतुक आहे.

यंदा कमळाबाईंच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. नंतर आवाज राहील की नाही, डॉक्टर सांगेनात. म्हणून आमची निवेदिका राजसी त्यांना थेट कार्यक्रमात घेऊन आली. एक गाणं वाजत होतं, ते संपलं की बाईंची पाळी.

‘‘मावशी, नावांच्या जागी कुणाचीही नावं घ्या,’’ राजसी म्हणाली. ‘‘नाहीतर जागा रिकामी सोडा.’’

बाईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. ‘‘नवरी नाय, नवरा नाय, मंग मी लगीन कोनाचं लावू? देवांना उगाच बोलवायचं काय?’’

गाणं संपत आलं होतं. बाई माझ्याकडे वळल्या.

‘‘ह्यो तुमचा आवाज अंबरनाथला जातो का?’’

‘‘जातो,’’ मी म्हणालो.

त्यांनी पदर सारखा केला आणि सुरुवात केली. गावदेवीला बोलावलं, कुलदेवाला बोलावलं. नावांची जागा आली. मग त्यांनी नवरी म्हणून स्वप्नालीचं नाव घेतलं आणि नवरा म्हणून कैलासचं, आपल्या जावयाचं. आवाज फाटला, तरी गाणं सोडलं नाही. मला रडू आलं आणि ते लपवावंसं वाटलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर स्टुडिओतला फोन वाजला. स्पीकरवर स्वप्नालीच होती.

‘‘आये, मी कामावर होते गं. शेजारणीनं फोन करून सांगितलं. मला नाय ऐकायला मिळालं. परत म्हणशील?’’

‘‘रेकॉर्डिंग आहे, उद्या पुन्हा लावू,’’ राजसी घाईनं म्हणाली. कमळाबाईंनी हातानंच तिला थांबवलं.

‘‘लगीन दोनदा लावत नाय, बाय. तुजं लागलं. आता जावयाला घेऊन घरी ये. मना बोलता येतंय तवर ये.’’