मान न वळवणारा माणूस

आमच्या साडूंइतका न हलणारा माणूस अख्ख्या म्हैसुरात दुसरा नाही, आणि हे मी चामुंडीच्या वाटेवरचा दगडी नंदी धरून बोलतोय. नंदीच्या अंगावर निदान माकडं तरी नाचतात. साडूंच्या नाकावर बसलेली माशी शेवटी कंटाळून आपणच उठते. मी शिंपी माणूस. शाळा चौथीत सुटली, तेव्हापासून गळ्यात टेप. माप घेताना गिऱ्हाईक पोट आत ओढतं, कुणाला गुदगुल्या होतात, कुणाला नेमका तेव्हाच फोन येतो. साडू खांबासारखे उभे. माप संपवून मी कापड घडी घालतो तरी उभेच. "झालं हो, बसा," म्हणावं लागतं.

या गुणापायी लग्नापासून माझा जीव जळतोय. माझी बायको आणि त्यांची बायको सख्ख्या बहिणी. त्यांची थोरली, तिला आम्ही सगळेच अक्का म्हणतो. माझ्या मशीनची सुई मोडली आणि मी शिव्या हासडल्या की बायको काजं करता करता म्हणायची, "भावोजींचा आवाज कधी चढलेला ऐकलाय? शिका जरा." मी म्हणायचो, "जा मग, त्यांच्याकडेच बसून कर काजं." ती हसायची. गेल्या वर्षी ती गेली. आता सुई मोडली तरी शिवी द्यावीशी वाटत नाही.

साडू हेब्बाळच्या एका कारखान्यात लेथवर होते. रिटायर झाल्यावर लोक देवळात जातात, नातवंडं फिरवतात. हे येलवालच्या बाजूला एका शेडमध्ये तिरंदाजी शिकायला गेले. छपराखालचा खेळ, वारा नाही की ऊन नाही, समोर ताटाएवढं रंगीत निशाण. तीन बाण मारायचे, जाऊन उपटून आणायचे, परत तीन. सकाळभर हेच. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हटलं, अय्यो, याला खेळ म्हणतात? साडूंना मात्र जन्मभर हेच हवं होतं जणू. पाय रोज त्याच जागी, दोरी हनुवटीला त्याच जागी, दोरी ओढण्याआधी कानाची पाळी चोळायची तीही तश्शीच. बाण पिवळ्यात बसला तरी तोंड तेच, फळीबाहेर गेला तरी तेच. मी विचारलं, "चुकला तर मनाला लागत नाही?" तर म्हणतात, "सुटला तो सुटला, साडूभाऊ. हातात आहे तेवढाच आपला." चाळीस वर्षं कापड बेतलं, मला असलं एक वाक्य सुचलं नाही.

मग ही सवय घरात शिरली. इडल्या तीन खायच्या, हात धुवायचा, येऊन परत तीन. अक्का ओरडायची, "इथं काय निशाण लावलंय?" कान चोळल्याशिवाय ते अंघोळीचा तांब्याही डोक्यावर ओतेनात. दोरी अडकू नये म्हणून शर्ट शिवायचा तर डावी बाजू अंगाला घट्ट, उजवी सैल. तो घातला की माणूस एकाच बाजूनं वाळलाय असं वाटायचं. एकदा नेमबाजी चालू असताना शेडच्या पत्र्यावर नारळ पडला. गोकुलमहून येणाऱ्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी दचकून बाण भिंतीत घातला. साडूंनी आपला पिवळ्यात बसवला आणि मग वर बघून विचारलं, "नारळ काय?"

खरं सांगू, मी धनुष्यावर जळत नव्हतो. मी जळत होतो मागच्या खुर्चीवर. तिथं अक्का थर्मास घेऊन बसायची, गुडघ्यांना नावं ठेवत. पाठीशी अशी चाहूल असलेल्या माणसाला मान वळवायची गरज काय? मला एवढंच हवं होतं, की या माणसाचा तोल एकदा, एकदाच ढळावा आणि तो मी डोळ्यांनी बघावा.

मागच्या थंडीत तिथं वयस्कांची स्पर्धा झाली. साडूंना कधी बक्षीस मिळालं नव्हतं. अक्का मला ओढून घेऊन गेली. "घरी भिंती बघत बसू नका, सुम्ने, गुमान चला." शेवटच्या फेरीला साडू आणि डॉक्टर अगदी बरोबरीत. डॉक्टरांचे बाण मारून झाले. साडूंचे दोन सुरेख बसले, तिसऱ्याला त्यांनी दोरी ओढली, शेडमध्ये श्वास ऐकू यावा एवढी शांतता. आणि अक्कानं माझ्यापुढे कॉफी धरली. "घ्या, थंड होतेय हो."

तोच आवाज. दुपारी मशीनपाशी कप ठेवून माझी बायको असंच म्हणायची, हेल सुद्धा तोच. मला काही आवरता आलं नाही. जाडं कापड फाडावं तसा हुंदका फुटला.

साडूंनी बाण सोडला नाही. दोरी हळूच सैल केली, धनुष्य खाली घेतलं आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं. भिंतीवर बाणांच्या वेळेचं घड्याळ पळत होतं. मी हातानं खुणावतोय, मारा, मारा! अक्का दबक्या आवाजात ओरडतेय, "अहो, पुढं बघा!" साडूंनी धनुष्य ठेवलं आणि माझ्या शेजारी येऊन बसले. वेळ संपल्याचा भोंगा वाजला.

"एकच बाण होता हो! मारून यायचं होतं!" अक्का रडकुंडीला आली.

"साकु," साडू म्हणाले, म्हणजे पुरे. मग माझ्या हातातला कप सरळ केला. "सांडतेय. प्या."

बक्षीस डॉक्टरांनी नेलं. इतकी वर्षं जे बघायला तरसलो ते बघायला मिळालं, आणि त्याचा आनंद कुठं शोधून सापडेना.

परतीच्या बसमध्ये अक्का साडूंच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. मी मागच्या बाकावर. रस्त्यात खड्डे, बस उडतेय, आणि तिची झोप मोडू नये म्हणून साडू गाव येईपर्यंत ताठ बसून होते. हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. पण त्यांच्या पाठीकडे बघता बघता मनात म्हटलं, बसा बाबा. पुष्कळ वर्षं असेच बसा.