ताइस्तोचा डावा पाय

कोर्पिला गावात गाडीवाल्यांचं वाजलं की निकाल लावायला दोनच जागा. एक पोलीस, दुसरी रायली हिएतिक्को. आणि पोलिसापेक्षा लोक रायलीलाच जास्त टरकायचे.

जुन्या दूधडेअरीच्या शेडमध्ये तिचे रूळ होते. जमिनीत अर्धे गाडलेले, लोखंडी, गरगर फिरणारे. गाडीची पुढची चाकं त्यांवर चढवायची, पट्ट्यांनी गाडी करकचून बांधायची आणि जागच्या जागी पळवायची. इंजिनात किती घोड्यांची ताकद, ते कागदावर छापून यायचं. सव्वीस वर्षांत तिनं कुणाला अर्धा घोडा वाढवून दिला नाही.

"रायली, तुझं मशीन कंजूष आहे गं."

"मशीन धड आहे. तुझी गाडी म्हातारी झालीय. तुझ्यासारखीच."

लबाडीचा तर तिला लांबून वास यायचा. इंजिन पूर्ण ताणून झालं की क्लच दाबून चाकं आपली आपण मंदावू द्यायची. तेवढ्यात मशीन मोजतं, की गिअर आणि चाकांच्या घासण्यात किती ताकद वाया जाते. चाकांवर आलेली आणि ही वाया गेलेली, दोन्ही मिळून इंजिनाची ताकद. आता मंदावताना कुणी हळूच ब्रेकला पाय लावला, तर वाया गेलेली जास्त दिसते आणि मरतुकडं इंजिनही पैलवान ठरतं.

ही चलाखी दर वर्षी एकच माणूस करायचा. तिचा सख्खा भाऊ, ताइस्तो. बर्फावर गाड्या मारणारा. वळणावर ब्रेक डाव्या पायानं दाबायचा, उजवा ॲक्सिलरेटरवरून उठायचाच नाही; गाडीचं नाक आपसूक आत वळायचं. रुळांवर त्याचा पाय ब्रेकला लागला, की "ताइस्तो, पाय!" रायली ओरडायची. तो दात काढायचा. नुसतं बहिणीला चिडवायला, दुसरं काही नाही. तो कागद ती शेगडीत घालायची.

ऑक्टोबरात ताइस्तो गेला. छातीत कळ आली, खुर्चीतच आटोपला.

जानेवारीत त्याची पोरगी ईता त्याची निळी गाडी घेऊन आली. शनिवारी गोठलेल्या तळ्यावर शर्यत होती, शंभर घोड्यांच्या आतल्या गाड्यांची. बापानं जायच्या आधी लेकीचं नाव घातलेलं, याच गाडीवर. रायलीचा कागद असला तरच गाडी बर्फावर उतरणार. एकशे एक आले तरी घरी.

"अठ्ठ्याण्णव येणार बघ आत्या. बाबाचे कायम अठ्ठ्याण्णवच."

"तुझ्या बाबाचे कायम एकशे दोन. पाय काढला की अठ्ठ्याण्णव. तुला आलं का डाव्या पायाचं?"

"नाही ना. या हिवाळ्यात शिकवणार होता."

वेलचीचा पाव कॉफीत बुडवून रायलीनं संपवला आणि गाडीत जाऊन बसली.

भर दुपार होती, पण बाहेरचा उजेड शिळ्या ताकासारखा. इंजिन ताणलं, शेडचे पत्रे थरथरले. क्लच दाबला. रूळ घरघरत मंदावायला लागले. आणि मागच्या भिंतीवर लाल उजेड पडला.

"आत्या, ब्रेक का मारतेस?" मशीनच्या पडद्यासमोरून ईता ओरडली.

रायलीनं खाली पाहिलं. क्लचवर तिचा डावा पाय, उजवा खाली रबरावर. ब्रेकचं पेडल मोकळं होतं. पण बोटभर खाली गेलेलं.

कागद आला. चाकांवर एक्क्याऐंशी, वाया एकवीस. एकशे दोन. मंदावायच्या रेषेत बरोबर मध्ये उंचवटा. तो उंचवटा रायली झोपेतही ओळखेल.

"स्विच गेला असेल," ईता म्हणाली.

"स्विचनं दिवा लागतो, बये. चाक अडत नाही."

तिनं चारही चाकं उघडून बघितली. काही घासत नव्हतं. पुन्हा ताणलं. पुन्हा लाल भिंत, पुन्हा एकशे दोन.

"आत्या, टायमिंग मागं घे ना. ठिणगी जरा उशिरा पडू दे, चार घोडे आपणच पाडू."

भावाचं इंजिन मुद्दाम आजारी पाडायचं रायलीच्या जिवावर आलं. पण घेतलं मागं. आता चाकांवर सत्त्याहत्तर आले. आणि वाया गेले पंचवीस. एकशे दोन! हिनं चार काढले, तर तिकडून कुणीतरी चार भरले.

ईतानं पेन पुढं केलं. "खोटं लिही ना गं. अठ्ठ्याण्णव लिही. खरं तेच आहे."

"मशीन देत नाही ते मी लिहीत नाही. तुझ्या बापालाही दिलं नव्हतं."

तिनं टायमिंग जागेवर आणलं. गाडीत बसली, दार लावलं, शेवटचं ताणलं, क्लच दाबला. भिंत लाल होताहोताच ती ओरडली, सव्वीस वर्षं ओरडायची तशीच:

"ताइस्तो, पाय!"

पेडल वर आलं. भिंत काळी झाली.

एक्क्याऐंशी आणि सतरा. अठ्ठ्याण्णव. रायलीनं सही ठोकली, ईता तिच्या गळ्यात पडून रडली आणि गाडी घेऊन गेली. मग रायलीनं वाकडे कागद शेगडीत घातले आणि तिथंच मटकन बसली. पोरगी बर्फावर चाललीय, आणि ब्रेकवरचा पाय मी काढायला लावला.

शनिवारी ती तळ्याच्या शेवटच्या वळणाशी जाऊन उभी राहिली. तिथं बर्फ आरशासारखा झालेला, दोन गाड्या आधीच कडेच्या बर्फाच्या ढिगाऱ्यात घुसलेल्या. निळी गाडी आली. फार जोरात आली. पोरीनं ॲक्सिलरेटर सोडलाच नाही, इंजिन तसंच किंचाळत होतं.

आणि मागचे दिवे लाल झाले. गाडीचं नाक आत वळलं, शेपटी फिरली, आणि ती वळण घेऊन सुखरूप पुढं निघून गेली.

रायलीचं तोंड सवयीनं उघडलं होतं. तिनं ते मिटून घेतलं.