गवतात न बसणारे मामाजी

माझे सासरे, म्हणजे मामाजी, मला प्रथम दिसले ते डोक्यावर लाल प्लास्टिकची खुर्ची घेऊन. मी आसगावला मुलगी पाहायला गेलो होतो आणि हे गृहस्थ शेतावरून खुर्चीसकट घरी येत होते. बांधावर, तलावाच्या पाळीवर, मयतीला, कुठेही जाताना खुर्ची सोबत. नोकरी, पगार काही न विचारता त्यांनी मला एकच प्रश्न केला, "गवतात बसता का जी?" मी घाबरून "नाही" म्हणालो. लग्न ठरलं.

कारण पुढे बायकोने सांगितलं. मामाजींचे मोठे भाऊ धानकापणीच्या दिवसांत तापाने गेले. शेवटची आंघोळ घालताना त्यांच्या कमरेला, करदोड्याखाली, विडीचा चटका बसावा तशी काळी खपली मामाजींना दिसली. गवतातला डोळ्याला न दिसणारा किडा चावतो तिथे ती उठते आणि त्या तापाला स्क्रब टायफस म्हणतात, हे दवाखान्यात नंतर कळलं. तेव्हापासून गावात कोणी फणफणला की मामाजी टॉर्च घेऊन हजर. "करदोडा वर करा," हाच त्यांचा रामराम. सरपंचही सुटले नाहीत. लोक शिव्या घालत आणि करदोडा वर करत. कोणी फारच कुरकुर केली तर मामाजी म्हणत, "गवतात बसाले कोनी बी बसते, उठते कोन ते पाहा लागते."

पहिल्या दिवाळीला मी सासरी पोचलो तो तापातच. दसऱ्याला आलो असताना पाळीवरच्या गवतात लोळून फोटो काढले होते, ते मी सोयीने विसरलो होतो. अंगावर कुठे काळी खपली आहे का, असं निघण्याआधी डॉक्टरांनी विचारलंही होतं. मी लाजेपोटी न पाहताच नाही म्हणून मोकळा झालो. इकडे सासूबाईंनी मामाजींना दटावलं, "जावयाचे कपडे काढाले लावता? काही लाजबिज हाय का नाई?" मामाजींनी टॉर्च खिशात घातला. मला वाटलं, वाचलो.

पण दिवाळीला जावयाला तेल लावायची रीत असते. मामाजी स्वतःच वाटी घेऊन आले. "ताप हाय त पानी नोको, नुसतं तेल," म्हणाले. दुसऱ्या हातात टॉर्च होताच. करदोड्याशी पोचले आणि असे ओरडले, "सापडली! सापडली जी!", की अंगणातल्या पोरांनी फटाक्यांची लड लावली आणि सासूबाई ओवाळायला ताट घेऊन धावल्या. मी अपुऱ्या टॉवेलात उभा. शेजारीपाजारी वाकून वाकून खपली पाहून गेले.

मामाजी मात्र रडत होते. "माह्या भावाची मले उशिरा दिसली, जावईबापू."

त्याच दिवशी त्यांनी मला भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. गोळ्या सुरू झाल्या आणि ताप उतरला.

परवाच्या दिवाळीआधी मामाजी झोपेतच गेले. अंगात ताप नव्हता. घाटावर कोणीतरी त्यांची खुर्ची आणून ठेवली होती. सगळे सवयीने उभे होते आणि खुर्चीवर कोणी बसेना. मला मात्र उभं राहवेना. मी गवतातच बसलो आणि पोटभर रडलो.

घरी आलो तर दारात बायको. डोळे सुजलेले, हातात बापाचा टॉर्च.

"प्यांटले गवत लागून हाय तुमच्या," ती म्हणाली. "करदोडा वर करा."